वाचनालयाच्या सूचना सभासदांना कशा पाठवाव्यात: एसएमएस, व्हॉट्सॲप की स्वतःचा सर्व्हर?

मानद_चिटणीस

रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या सार्वजनिक वाचनालयाचा मी चिटणीस आहे. आमचे ४१२ सभासद आहेत. त्यांतील साठेक जण अजूनही बटणांचा फोन वापरतात, आणि वाडीवस्तीवर राहणाऱ्या बऱ्याच जणांच्या घरात नेट केवळ मागच्या पडवीत, तेही दाराशी उभे राहिल्यास मिळते. आम्हाला पाठवायचे असते ते फार थोडे: पुस्तकाची मुदत संपल्याची आठवण, वर्गणी थकल्याची सूचना आणि वर्षातून चार-पाच वेळा व्याख्यानाचे निमंत्रण.

आजवर हे काम व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चालत होते. ग्रुप ज्यांनी काढला ते आमचे माजी कार्यकारिणी सदस्य मुलाकडे ठाण्याला राहायला गेले, तिथे त्यांनी नंबर बदलला आणि जुना बंद केला. ॲडमिन तेवढे एकटेच होते. त्यानंतर नवा सभासद ग्रुपमध्ये घेणे आणि सोडून गेलेला काढणे, दोन्ही अडून बसले. ग्रंथपाल बाईंची सूचना शुभ सकाळच्या फुलांखाली गाडली जाते, ते वेगळेच.

मधल्या काळात एका एजंटामार्फत एसएमएस पाठवून पाहिले. पहिल्या बिलात प्रत्येक मराठी संदेशाचे दोन संदेश लावलेले होते. कारण विचारले, तर "युनिकोड आहे साहेब" एवढेच उत्तर मिळाले. दुसऱ्या खेपेला तर निम्मे संदेश कुणालाच पोहोचले नाहीत, पैसे मात्र कापले गेले. पुण्याला संगणक क्षेत्रात असलेला माझा पुतण्या म्हणतो की हे सगळे सोडा, वाचनालयाचा स्वतःचा सर्व्हर उभा करा, ईमेलसारखी मोकळी व्यवस्था असते, तिथे कुणाची मालकी चालत नाही.

माझे वय ६३ आहे आणि या विषयात गती नाही. मराठी संदेशाला दुप्पट पैसे का पडतात, आणि मोबाइल कंपनीचा एसएमएस व ही इंटरनेटवरची मोकळी व्यवस्था यांत खरा फरक काय आहे, हे कुणी समजावून सांगितले तर उपकार होतील.

जुना_एक्स्चेंजवाला

चिटणीस साहेब, नोकरीची सगळी वर्षे टेलिफोनच्या खात्यात गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी दुपटीचे गणित पाहू. एका एसएमएसमध्ये मजकुरासाठी १४० बाइट, म्हणजे ११२० बिट जागा असते. इंग्रजी अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला युनिकोड नावाच्या पद्धतीत १६ बिट लागतात, त्यामुळे तीच जागा ७० चिन्हांत संपते. यातही मेख अशी की काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. "पुस्तक" हा शब्द आपण तीन अक्षरांत वाचतो, पण यंत्राला तो प, उकार, स, हलन्त, त आणि क असा सहा चिन्हांचा दिसतो. "स्त्री" हा शब्द तर एकाच अक्षराचा, पण त्यालाही सहा घरे लागतात. मजकूर सत्तरच्या पुढे गेला की त्याचे तुकडे होतात आणि तुकडे परत जोडण्याची खूण ठेवायला प्रत्येक तुकड्यातून सहा बाइट जातात. त्यामुळे लांब मराठी संदेशाच्या प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हेच उरतात. सूचना ७१ चिन्हांची झाली तरी बिल दोन संदेशांचे येते. आपल्या एजंटाचे उत्तर चुकीचे नव्हते, फक्त अर्धवट होते.

ही ७ बिटांची मोजणी ज्यांनी १९८० च्या दशकात ठरवली ते युरोपातले अभियंते होते आणि त्यांच्यापुढे युरोपातल्याच लिप्या होत्या. फोन मोकळा असतानाही टॉवरशी त्याची जी बारीक कुजबुज चालू असते, त्या सिग्नलिंगच्या वाटेवर मधूनमधून जागा रिकामी राहायची. तिथे छोटासा मजकूर सरकवता येईल, अशी ती कल्पना. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये व्होडाफोनच्या जाळ्यावर नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने संगणकावरून नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या, तो पहिला एसएमएस.

तुमच्या कामाचा मुद्दा मात्र पुढचा आहे. एसएमएस थेट समोरच्याच्या फोनवर जात नाही. तो कंपनीच्या संदेश केंद्रात उतरतो आणि तिथे थांबतो. सभासदाचा फोन बंद असेल किंवा तो घाटात असेल, तर ठरलेल्या मुदतीपर्यंत केंद्र तो जपून ठेवते, आणि फोन जाळ्यात परतला की कंपनीच्या नोंदवहीतून केंद्राला वर्दी जाते व संदेश सुटतो. सभासदाने डेटा पॅक घेतलेला असो वा नसो, ॲप टाकलेले असो वा नसो, त्याची कंपनी तुमच्या कंपनीहून वेगळी असो, संदेश पोहोचतो. कंपन्या आपसांत त्याचा हिशेबही ठेवतात. दुसऱ्याच्या जाळ्यात संदेश उतरवण्याचे २ पैसे, असा दर ट्राय या दूरसंचार नियामकाने २०१३ मध्ये ठरवून दिला होता. तुमचा पुतण्या ज्या मोकळेपणाचे कौतुक करतो, त्यातला "कुठल्याही कंपनीचा माणूस कुठल्याही कंपनीच्या माणसाला" हा भाग एसएमएसमध्ये पहिल्यापासून आहे. व्हॉट्सॲपवरून सिग्नल या दुसऱ्या ॲपवर निरोप धाडून पाहा, म्हणजे फरक कळेल.

पाठवणाऱ्याच्या बाजूला मात्र दार बंद आहे. ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार संस्थेने डीएलटी नावाच्या कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत स्वतःची नोंदणी करायची, पाठवणाऱ्याचे नाव म्हणून संदेशावर दिसणारे सहा अक्षरांचे हेडर मंजूर करून घ्यायचे, आणि प्रत्येक सूचनेचा नमुनाही आधी नोंदवायचा. पाठवलेला मजकूर नोंदवलेल्या नमुन्याशी तंतोतंत जुळला तरच पुढे जातो. ८ मार्च २०२१ रोजी ही चाळणी कडकपणे लागू झाली त्या दिवशी देशभर बँकांचे ओटीपी अडकले, लोक पैसे भरायला खोळंबले आणि ट्रायला ती चाळणी सात दिवसांसाठी थांबवावी लागली. जिथे बँकांचे नमुने जुळले नाहीत, तिथे वाचनालयाचे काय! तुमचे निम्मे संदेश गळाले ते बहुधा याच चाळणीत. नमुन्यात नसलेला एखादा शब्द कुणीतरी आयत्या वेळी घातला असणार.

मोकळी_वाट

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण "एसएमएस मोकळा आहे" या विधानाला माझी हरकत आहे. तो कंपन्यांना एकमेकींसाठी मोकळा आहे. तुम्ही-आम्ही उद्या स्वतःचे संदेश केंद्र काढून त्या जाळ्याला जोडू शकत नाही. ईमेलचा सर्व्हर काढू शकतो. हा फरक मला मूळचा वाटतो.

चिटणीस काकांचा पुतण्या बहुधा एक्सएमपीपी किंवा मॅट्रिक्स या निरोप पाठवण्याच्या मोकळ्या व्यवस्थांबद्दल बोलत असावा. पहिली व्यवस्था १९९९ पासून, तेव्हाच्या जॅबर या नावाने, अस्तित्वात आहे आणि तिचे नियम २००४ मध्ये इंटरनेटच्या मानक संस्थेने प्रसिद्ध केले. दुसरी २०१४ ची आहे. दोन्हींत पत्ता ईमेलसारखा असतो, आधी माणसाचे नाव आणि मग सर्व्हरचे. वाचनालयाचा सर्व्हर वेगळा, सभासदाचा वेगळा, तरी निरोप जातो. फ्रान्सच्या सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी २०१९ मध्ये सुरू केलेले चॅप हे संदेश ॲप मॅट्रिक्सवरच उभे आहे, त्यामुळे हा केवळ हौशी पोरांचा खेळ आहे असे समजू नये.

आता या व्यवस्थेचे दुखणेही सांगतो, कारण मी स्वतः ते सोसले आहे. कॉलेजात असताना आमच्यातल्या एकाने घरच्या जुन्या संगणकावर जॅबरचा सर्व्हर चालवला होता. गूगल टॉक या गूगलच्या गप्पांच्या सेवेने २००६ मध्ये बाहेरच्या सर्व्हरांना दार उघडले होते, म्हणून आमच्या घरगुती पत्त्यावरून जीमेलवाल्या मित्रांशी बोलता येई, आणि वीज गेली की आमचे अख्खे दूरसंचार खाते बंद पडे. २०१३ मध्ये गूगलने तिच्या जागी हँगआउट्स आणले आणि बाहेरच्यांसाठी दार लावायला घेतले. आमच्या यादीतले बहुतेक मित्र त्या पलीकडच्या बाजूला होते. नियम मोकळे राहिले, सॉफ्टवेअर मोकळे राहिले, बोलायला माणसे उरली नाहीत. व्हॉट्सॲपची सुरुवातही एक्सएमपीपीतच फेरफार करून झाली होती. मात्र त्यांनी बाहेरच्या एक्सएमपीपी सर्व्हरांना दार कधी उघडलेच नाही.

आणखी एक गोष्ट, जी या चर्चेत सहसा निसटते. व्हॉट्सॲप, सिग्नल, टेलिग्राम ही सगळी इंटरनेटवर चालतात, पण तुमची ओळख ठरते ती मोबाइल नंबरावरून, आणि तो नंबर तुमचाच आहे हे सिद्ध होते बहुधा एका एसएमएसने. माजी सदस्यांचा नंबर बंद झाला आणि ग्रुप अनाथ झाला, त्याचे मूळ इथे आहे. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये या ॲपना असा आदेश दिला की नोंदणीचे सिमकार्ड फोनमध्ये असल्याशिवाय ॲप चालू नये. म्हणजे इंटरनेटवरचा निरोपही मोबाइल कंपनीच्या खुंटीला आणखी घट्ट बांधला जात आहे. एक्सएमपीपीच्या किंवा मॅट्रिक्सच्या पत्त्याला नंबर लागत नाही. उद्या चिटणीस बदलले तर पत्ता आणि परवलीचा शब्द नव्या चिटणिसांच्या हाती देता येतो, कपाटाच्या किल्लीसारखा.

पासबुक

मी सहकारी बँकेत काम करते. गोपनीयतेविषयी वर कुणी लिहिले नाही, म्हणून थोडे लिहिते.

एसएमएसचा मजकूर कंपनीच्या केंद्रात उघडा असतो. कंपन्यांमधली सिग्नलिंगची जुनी व्यवस्था तर एकमेकींवर विश्वास ठेवूनच बांधलेली आहे. तिच्यात शिरकाव करून दुसऱ्याचे संदेश आपल्याकडे वळवता येतात, हे जर्मनीतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये जाहीरपणे दाखवले होते. २०१७ मध्ये त्याच देशात काही ग्राहकांचे ओटीपी अशा रीतीने वळवून त्यांची खाती रिकामी केल्याचे उघडकीस आले. आपल्याकडे त्याहून सोपा मार्ग वापरला जातो, तो म्हणजे खोटी कागदपत्रे दाखवून दुसऱ्याच्या नंबरचे नवे सिम काढणे. म्हणून सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचा नियम २०२२ मध्ये करावा लागला. रिझर्व्ह बँकेच्या नव्या निर्देशांत, जे १ एप्रिल २०२६ पासून लागू करायचे ठरले, एसएमएसवरच्या ओटीपीखेरीज इतर पर्यायांनाही वाट करून दिली आहे.

याउलट व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये सर्व संदेशांना दोन टोकांमधले कूटबंधन लावले, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांखेरीज मजकूर कुणाला वाचता येत नाही; मॅट्रिक्स आणि एक्सएमपीपीमध्येही ते उपलब्ध आहे. पण चिटणीस साहेब, पुस्तकाची मुदत संपली हे कुणी मध्ये वाचले तर काय बिघडणार आहे? सभासद कोणते पुस्तक वाचत आहे हे मात्र त्या संदेशात लिहू नका. ते कुणाला कळू नये असे काही वाचकांना निश्चित वाटते, आणि तसे वाटण्याचा त्यांना अधिकार आहे.

कोथरूडकर

मला एकच प्रसंग सांगायचा आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांमुळे ईशान्य भारतातले हजारो विद्यार्थी आणि कामगार बंगळूर आणि पुणे सोडून निघाले होते. अफवा एसएमएसवरून फिरत आहेत म्हणून सरकारने देशभर एका वेळी पाचच जणांना संदेश पाठवण्याची मर्यादा घातली, ती पुढे वीसवर नेली. एका आदेशावर सगळ्या कंपन्या लगेच त्याप्रमाणे वागू लागल्या. मोजक्या कंपन्यांच्या हाती असलेली व्यवस्था अशी चिमटीत पकडता येते.

पण त्यावरून मोकळी व्यवस्था अभेद्य आहे असेही समजू नये. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने १४ संदेश ॲप बंद केली, त्यांत मॅट्रिक्सवाल्यांचे एलिमेंट आणि सर्व्हरशिवाय चालणारे ब्रायर ही दोन्ही होती. आणि नेटच बंद केले, जे आपल्या देशात नवे नाही, तर तुमचा सर्व्हर कितीही स्वतंत्र असला तरी त्याचा उपयोग काय?

जुना_एक्स्चेंजवाला

कोथरूडकरांच्या मुद्द्याला कोकणची एक पुरवणी जोडतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागात वीज आणि टॉवर दोन्ही झोपले होते. त्या दिवसांत एसएमएस आणि इंटरनेट यांत काहीच फरक नव्हता, कारण दोन्हींचा टॉवर एकच. एसएमएस सरस ठरतो तो अशक्त सिग्नलमध्ये, सिग्नल नसताना नाही.

मोकळी_वाट यांची हरकत मला मान्य आहे. आजच्या ४जी जाळ्यात तर तुमचा एसएमएससुद्धा बहुतेक वेळा इंटरनेटच्याच पद्धतीने वाहतो. जिओच्या जाळ्यात २जी आणि ३जी मुळातच नाही, त्यामुळे तिथे जुनी सिग्नलिंगची वाट उरलेलीच नाही. ठरवणारी गोष्ट तार कोणती ही नसून दारावर कोण बसला आहे ही आहे.

आणि एक सावधगिरी. नोंदणी टाळण्यासाठी ग्रंथपाल बाईंच्या खासगी नंबरावरून चारशे जणांना एसएमएस धाडण्याचा विचार कुणी सुचवील, तो करू नये. दिवसाला शंभर संदेशांनंतर पॅक संपतो हा एक भाग. दुसरा असा की काही सभासदांनी १९०९ या नकोशा संदेशांच्या तक्रार क्रमांकावर तक्रार केली तर बाईंचाच नंबर अडचणीत यायचा. २०२५ च्या दुरुस्तीनंतर दहा दिवसांत पाच तक्रारी कारवाईला पुरतात. थकलेल्या वर्गणीची आठवण ज्यांना आवडत नाही, असे पाच जण कुठल्याही वाचनालयात असतातच.

मोकळी_वाट

काका, सर्व्हरबाबत प्रामाणिक मत विचाराल तर तो सभासदांसाठी काढू नका. साठ जणांकडे बटणांचे फोन आहेत, त्यांना तो निरुपयोगी आहे, आणि उरलेल्या साडेतीनशे जणांना नवे ॲप, नवा पत्ता आणि नवा परवलीचा शब्द समजावून सांगण्यात बाईंचे वर्ष जाईल. शिवाय सर्व्हर म्हणजे एक जिवंत जबाबदारी असते, डोमेनचे, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या नावाचे, नूतनीकरण, सुरक्षेचे अद्ययावतीकरण, रात्री बंद पडला तर उठून पाहणे. पुतण्याचे लग्न झाले, नोकरी बदलली, की पुन्हा ग्रुपच्या ॲडमिनसारखीच गत.

मात्र कार्यकारिणीच्या अकरा-तेरा जणांसाठी तो जरूर करून पाहा. सभेचे इतिवृत्त, हिशेब, पुस्तक खरेदीच्या याद्या यांसाठी हलका एक्सएमपीपी सर्व्हर एका लहानशा भाड्याच्या यंत्रावर आरामात चालतो. मॅट्रिक्सचा त्याहून जड पडतो, कारण संभाषणात सामील असलेला प्रत्येक सर्व्हर त्या संभाषणाची प्रत स्वतःकडे ठेवतो.

मानद_चिटणीस

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल कार्यकारिणीच्या बैठकीत हा धागा छापून वाचून दाखवला. पासबुक ताईंची सूचना ऐकून ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "पुस्तकाचे नाव मी फोनवरसुद्धा घरच्यांना सांगत नाही." ते मला आजवर ठाऊक नव्हते.

आम्ही असे ठरवले आहे. मुदत आणि वर्गणी या दोनच सूचना एसएमएसने जातील, आणि त्यांची नोंदणी या वेळी एजंटाच्या नावावर न करता वाचनालयाच्या नावावर होईल. निमंत्रणे व्हॉट्सॲपवर जातील. नवा ग्रुप काढून त्यात तीन ॲडमिन ठेवू आणि सभासदांना लिहिण्याची मुभा बंद ठेवू. शिवाय वाचनालयाच्या फलकावरही निमंत्रण लागेल, कारण बटणांचे फोन असलेल्या साठांपैकी बरेच जण रोज वर्तमानपत्र वाचायला येतातच. कार्यकारिणीसाठी सर्व्हर मांडून द्यायला पुतण्या गणपतीत येणार आहे. परवलीचा शब्द लिफाफ्यात घालून तिजोरीत ठेवायचा, असा ठरावही केला.

नोंदणीसाठी खालील नमुना तयार केला आहे:

"आपल्याकडील पुस्तकाची मुदत संपली आहे. कृपया पुस्तक परत करावे. सार्वजनिक वाचनालय"

माझ्या मोजणीत हा ४० च्या आसपास भरतो, तेव्हा एका संदेशात बसेल असे वाटते.

जुना_एक्स्चेंजवाला

साहेब, आपण अक्षरे मोजलीत, काना-मात्रा आणि मधल्या रिकाम्या जागा राहिल्या. आपला नमुना ७८ चिन्हांचा आहे, म्हणजे पुन्हा दोन संदेशांचे बिल. "आहे" आणि दुसऱ्या वेळचे "पुस्तक" काढून टाका:

"आपल्याकडील पुस्तकाची मुदत संपली. कृपया परत करावे. सार्वजनिक वाचनालय"

हा ६७ चा झाला. तीन घरे शिल्लक आहेत, ती रिकामीच ठेवा. एकदा नमुना मंजूर झाला की त्यात हात घालू नये, एक पूर्णविरामसुद्धा वाढवू नये, एवढे मात्र जो कुणी पाठवणार असेल त्याला बजावून ठेवा.